लाडू अक्षर

"अक्षरांची जाडी किती होती?" नायब तहसीलदारांनी विचारलं.

"पावणेदोन इंच," मी म्हणालो.

"किती लांबून वाचता येतं?"

"उजेड असला तर पन्नास पावलांवरून. डोळे अधू असले तरी."

त्यांनी ते कागदावर उतरवून घेतलं. नगरपालिकेच्या वरच्या मजल्यावरच्या त्या खोलीत आम्ही तिघंच होतो. नायब तहसीलदार टेबलामागे, मी समोरच्या बाकावर आणि सॅनिटरी इन्स्पेक्टर वर्तक खिडकीला टेकून. पंखा बंद होता. वर्तक साहेब सारखे रुमालानं मान पुसत होते.

"बोर्ड कधी लावला?"

"शिमग्याच्या आदल्या सोमवारी."

"आणि लोक आजारी पडले त्यानंतर अकरा दिवसांनी," वर्तक साहेब खिडकीजवळून म्हणाले. "अकरा दिवस बोर्ड डोळ्यांसमोर होता त्यांच्या."

"तुम्हांला विचारलेलं नाही," नायब तहसीलदार म्हणाले, पण तेही त्यांनी लिहून घेतलं. मग माझ्याकडे वळले. "म्हणजे बोर्ड होता, ठळक होता आणि वाचता येण्यासारखा होता. बरोबर?"

"होय साहेब."

"इथं सही करा."

मी सही केली. त्यांनी कागद उचलून धरला आणि पहिल्यांदाच जरा हसले. "अक्षर सुंदर आहे हो तुमचं," म्हणाले.

खोटं सांगायचं कशाला, जिना उतरताना मला बरं वाटत होतं. दोन माणसं मेली होती आणि मला माझ्या अक्षराचं कौतुक झालं म्हणून बरं वाटत होतं. तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांचा होतो.

वाळेगावात मला सगळे निवास पेंटर म्हणायचे. आम्ही जातीनं कुंभार. वडील चाकावर बसायचे, मी त्यांच्याशेजारी बसून कोळशानं भिंती रंगवायचो. पुढं कोल्हापूरला एका पेंटरच्या हाताखाली चार वर्षं काढून आलो आणि बाजारपेठेत दुकान टाकलं. सरळ दांडीचं अक्षर कुणीही काढतो, आपलं काहीतरी निराळं हवं, असं डोक्यात होतं. हात चालवता चालवता एक अक्षर जमून आलं. जाडजूड, सगळीकडून गोल. कुठं टोक नाही, कुठं कोपरा नाही. वरची रेघ म्हणजे दोन्ही बाजूंनी घासलेली लाकडी फळी, काना म्हणजे उभा केलेला लोड. 'प'च्या पोटात पांढरी जागा उरायची ती जेमतेम तिळाएवढी. वडील एकदा दुकानात आले, बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "घागरीची पोटं काढलीयस की रं."

गावानं त्याला नाव दिलं लाडू अक्षर. माझी बायको कमळ म्हणायची, तुमचं अक्षर बघितलं की भूक लागते. बर्फाच्या गोळेवाल्याची गाडी मी त्या अक्षरात रंगवली, मग पेढेवाल्याचं दुकान, मग लग्नाचा हॉल, बालवाडी, जत्रेतला मोठा पाळणा. ज्याला गिऱ्हाईक हसत यायला हवं होतं, तो माझ्याकडे यायचा. एकदाच माघार घ्यावी लागली. देसाई वकिलांची पाटी मी हौसेनं त्या अक्षरात काढली, तर त्यांनी ती दुसऱ्या दिवशी परत आणली. "निवास, माझ्याकडं माणसं रडत येतात रे," म्हणाले. "या पाटीखालनं आत येताना त्यांना वाटंल, इथं फुगे मिळतात." मी हसलो आणि साध्या अक्षरात दुसरी पाटी करून दिली. त्यांचं बोलणं तेवढ्यावरच विसरलो.

गेल्या वर्षी पुण्याची एक मुलगी आली होती. जुन्या पेंटरांची अक्षरं ती संगणकावर उतरवते. आठ दिवस राहिली, माझ्याकडून सगळी बाराखडी काढून घेतली. जाताना तिनं वही उघडून विचारलं, "काका, हा टाइप कशासाठी वापरावा, ते सांगा. सोबत छापायचंय." मी सांगितलं, मिठाईला, खेळण्यांना, लहान मुलांच्या पुस्तकाला, सणाच्या जाहिरातीला. "आणि कशासाठी वापरू नये?" मी म्हटलं, सूचनेला. तिनं का म्हणून विचारलं. मी तिला पाणी आणायला आत गेलो आणि बाहेर आल्यावर विषय बदलला. तिला जे सांगितलं नाही, ते इथं लिहितो आहे.

ते साल चौऱ्याहत्तर. वाळेगावातून जाणारा रस्ता रुंद करायचं काम निघालं होतं आणि नांदेडकडची तीसेक माणसांची टोळी खडी फोडायला आली होती. बाजारतळाच्या मागं त्यांनी राहायला कापडाची पालं ठोकली. तिथंच एक जुनी विहीर आहे. त्या वर्षी वरच्या अंगाचं गटार तिच्यात पाझरायला लागलं होतं. गावातल्या लोकांना ते वासावरून कळलं होतं, आणि त्यांना नळही होते. नगरपालिकेनं विहिरीवर जाळी टाकायचं ठरवलं, पण जाळी यायला महिना लागणार होता. तोवर बोर्ड लावावा, असं ठरलं.

वर्तक साहेबांनी मला चिठ्ठी दिली. 'हे पाणी पिण्यासाठी नाही. लाल रंगात, साधं ठळक अक्षर.' तीन फूट बाय दोन फुटांचा पत्रा होता. माझ्याकडे निळा रंग उघडा होता, एस.टी. स्टँडवरच्या पाणपोईचं काम नुकतंच संपलेलं. तिथं मी व्यापारी मंडळासाठी 'पिण्याचे पाणी' असं लिहिलं होतं आणि येणारा-जाणारा थांबून बघत होता. हा बोर्ड बाजारतळावर लागणार होता. दर गुरुवारी आजूबाजूच्या चाळीस गावांची माणसं तिथं येतात. माझ्या मनात आलं, साध्या अक्षरात काढला तर कोणीही काढल्यासारखा दिसेल. मी निळ्यात, लाडू अक्षरात काढला. ते अक्षर जागा फार खातं. शेवटी जागा कमी पडली, ती मी भागवून घेतली. वर्तक साहेब बघून म्हणाले, "वा! झकास दिसतंय की." लाल रंगाचा विषय त्यांनीही काढला नाही.

अकरा दिवसांनी टोळीतली नऊ माणसं उलट्या-जुलाबांनी आडवी झाली. दोघं दगावली. एक म्हातारा आणि एक अठरा वर्षांची मुलगी.

जबाब दिला त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानासमोर एक बाई येऊन उभी राहिली. चाळीस-पंचेचाळीसची, उन्हानं करपलेली, हाताला खडीची पांढरी धूळ. ती आत आली नाही. समोरच्या पेढेवाल्याच्या पाटीकडे बघत होती, मग माझ्या दुकानावरच्या पाटीकडे बघितलं.

"ही अक्षरं तुमीच काढता का?"

"होय. काय करून पाहिजे?"

"स्टँडवरचंबी तुमचंच?"

"पाणपोई? माझंच ते."

"आन् हिरीवरचं?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी ब्रश खाली ठेवला.

"मी केवळाबाई," ती म्हणाली. "सुलनची माय."

बसा म्हणालो. ती बसली नाही.

"साहेब लोक आले व्हते पालावर. म्हनले, बोर्ड लावलेला हाय, तुमी आडानी लोकं, वाचलं न्हाई, मग आमी काय करावं." ती जपून बोलत होती, पाठ करून आल्यासारखी. "पर दादा, मही लेक वाचायची. दुसरीपतुर शाळंत गेलती. समद्या टोळीत तिला एकलीलाच वाचता येत व्हतं. तिनंच वाचून दावलं समद्याला."

"काय वाचून दाखवलं?"

"तेच इचाराया आले. तुमी संगं चला आन् काय लिवलंय ते मला वाचून दावा."

मला जायचं नव्हतं. गिऱ्हाईक यायचंय, उद्या येतो, असं काहीतरी म्हणालो असेन. ती म्हणाली, "मी थांबते," आणि उन्हात पायरीवर बसली. कमळ आतून बाहेर आली, तिनं बाईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "जावा," म्हणाली. "मी बसते दुकानात."

बाजारतळ रिकामा होता. विहिरीशेजारच्या लिंबाच्या खोडाला बोर्ड ठोकलेला होता. आदल्या आठवड्यात विहिरीत औषध टाकलं होतं, त्याचा वास येत होता. केवळाबाई काठावरच्या एका चपट्या दगडावर जाऊन उभी राहिली.

"वाचा," म्हणाली.

"हे पाणी पिण्यासाठी नाही," मी वाचलं.

"असं नगं. सावकाश. बोट ठिवून. ती कशी वाचायची, तसं."

मी बोर्डाजवळ गेलो आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. "हे," म्हणालो. "पाणी." मग दुसऱ्या ओळीवर आलो. "पिण्यासाठी."

"हां," ती म्हणाली. "हितवर मह्या लेकीनं वाचलं. हे पाणी पिण्यासाठी. मी ह्याच दगडावर व्हते, घागर कमरंवर. तिनं दोनदा वाचलं. 'प'ला लई हसली. म्हनली, माय, ह्यो बग कसा जेवून बसलाय. स्टँडवर उतरल्यावर पानी पेलो ना, तिथलंच अक्षर हाय म्हनली. तोच रंग, तसंच गोल. मंग घागर भरली." ती थांबली. "आता न्हाई कुठं हाय, ते दावा."

माझं बोट खाली आलं.

'पिण्यासाठी' पत्र्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पसरलं होतं. त्याच्याखाली चार बोटं जागा उरली होती. तिथं लाडू अक्षर बसत नव्हतं, म्हणून उजव्या कोपऱ्यात मी बारीक ब्रशनं 'नाही' लिहिलं होतं. आणि त्याच्या शेजारी, त्याच ब्रशनं, तेवढ्याच उंचीचं, माझं नाव. 'नाही' आणि 'निवास'. दोन्ही शेजारी शेजारी, दोन्ही न-नं सुरू होणारी.

"ह्ये?" केवळाबाई जवळ आली. तिनं वाकून बघितलं. "ह्ये बारीक?"

"होय."

"ह्ये बघितलं व्हतं तिनं," ती म्हणाली. तिचा आवाज एकदम खाली गेला. "मीच इचारलं, खाली बारीक काय हाय गं? म्हनली, ते काढणाराचं नाव असतंय, माय. आमच्या शाळंच्या भित्तीवरबी तसंच व्हतं."

मी त्या बोर्डाकडे बघत राहिलो. त्या जागेवर 'नाही' आहे हे मला ठाऊक होतं, म्हणून मला ते नेहमी दिसत होतं. वर्तक साहेबांना दिसलं, नायब तहसीलदारांना दिसलं. शिकलेला माणूस वाक्य एका घासात गिळतो. जी मुलगी एकेक अक्षर जोडत येते, तिचं वाक्य दुसऱ्या ओळीच्या शेवटी पुरं झालं होतं. तिथं पत्राच संपत होता.

"टोळी म्हनती, तुह्या लेकीनं मारलं," केवळाबाई म्हणाली. "वाचता येत न्हवतं तर मिरवली कशाला. ग्यानबाचा बाप गेला, त्यो तर मह्या पालाकडं बघतबी न्हाई. चुलीला इस्तू देत न्हाईत मला. मी एकदाच इचारते, दादा, आन् मंग जाते. मह्या लेकीनं चुकीचं वाचलं का?"

"नाही मावशी," मी म्हणालो. "तिनं जेवढं लिहिलं होतं तेवढं बरोबर वाचलं. चुकीचं मी लिहिलं."

ती रडेल असं मला वाटलं होतं. ती रडली नाही. तिनं पदरानं तोंड पुसलं, एकदा मान हलवली आणि बोर्डाकडे पाठ करून उभी राहिली.

मला एवढंच सुचलं की हे कागदावर यायला पाहिजे. मी तिला म्हणालो, चला, जबाब बदलून घेतो. आम्ही तसेच नगरपालिकेत गेलो. ती खाली जिन्यापाशी थांबली. नायब तहसीलदार अजून वरच होते, कागद बांधत होते. वर्तक साहेब शेजारी.

"साहेब, माझ्या जबाबात एक राहिलं," मी म्हणालो. "त्या बोर्डावरचं 'नाही' लहान आहे."

"किती लहान?"

"दोन बोटं. आणि माझ्या नावाला चिकटून आहे. त्या मुलीला ते नाव वाटलं."

नायब तहसीलदारांनी वर्तक साहेबांकडे बघितलं. "पण आहे ना?"

"आहे."

"वाचता येतं?"

"मला येतं."

"मग झालं," ते म्हणाले. "अक्षर लहान-मोठं असणं हा काही गुन्हा होत नाही. पंचांनी बोर्ड बघितलाय."

"पण साहेब, चिठ्ठीत लाल सांगितलं होतं, साधं सांगितलं होतं. मी निळ्यात केलं. स्टँडवरच्या पाणपोईसारखं. लोकांना वाटलं तसंच..."

"निवास," वर्तक साहेब मधेच बोलले. ते माझ्याजवळ आले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. हात ओला लागत होता. "तुझ्यावर कुणी बोट ठेवलंय का? नाही ना? मग कशाला अंगावर ओढून घेतोस? बोर्ड बदलायचा तर बदल, कोण नको म्हणतंय? जा घरी."

नायब तहसीलदारांनी गाठ मारून कागद कपाटात ठेवले. मग मी खाली आलो.

"लिवून घेतलं?" केवळाबाईनं विचारलं.

"नाही घेतलं. पण मी उद्या प्रांत कचेरीत अर्ज करतो. वरच्या साहेबांना..."

"कागदाचं मला काय करायचंय, दादा?" ती म्हणाली. ती चिडली नव्हती, थकलेली होती. "मला कुठं वाचता येतं? जे मला म्हनले ते मह्या मान्सांला सांगा. तोंडानं सांगा."

ते मात्र मला जड गेलं. साहेबासमोर उभं राहणं सोपं होतं, तिथं मी अर्ज करणारा माणूस होतो. पालांकडे जाताना वाटेत दोनदा माझ्या मनात आलं, कमळला सांगून येतो असं म्हणावं आणि घरात शिरावं. केवळाबाई माझ्या पुढं चालत होती. तिनं एकदाही मागं वळून बघितलं नाही.

दिवस कलला होता. टोळी कामावरून परतली होती. बायका भाकऱ्या थापत होत्या, पुरुष हातपाय धूत होते. केवळाबाईचं पाल कडेला, इतरांपासून दहा-पंधरा पावलं दूर होतं. आम्ही आलो तसं बोलणं थांबलं.

"ग्यानबा," केवळाबाई म्हणाली, "ह्यो पेंटर हाय. हिरीवरचं ह्यानं लिवलंय. त्याला काय सांगायचंय ते आयका."

ग्यानबा पस्तिशीचा असेल. बापासाठी डोकं भादरलेलं होतं, त्यामुळे त्याचे कान मोठे दिसत होते. तो दगडावर बसून हातोड्याचा दांडा घट्ट करत होता. उठला नाही.

मी सांगितलं. कसं सांगितलं ते आता आठवत नाही. सुलननं बरोबर वाचलं, 'नाही' मी बारीक लिहिलं, नावाशेजारी लिहिलं, जागा पुरली नाही म्हणून. मग ग्यानबा म्हणाला, "लिवून दाव."

"कुठं?"

त्यानं रस्त्याच्या आखणीसाठी आणलेल्या चुन्याच्या फक्कीचं घमेलं माझ्याकडे सरकवलं. "हितं. जिमिनीवर. जसं लिवलंय तसंच, तेवढंच."

मी वाकलो आणि मुठीतून फक्की सोडत लिहायला लागलो. ते अक्षर माझ्या हातात इतकं बसलं होतं की मातीवरही तसंच उतरत गेलं. गुबगुबीत, गोल. हे. पाणी. पिण्यासाठी. लोक भोवती गोळा झाले. मग खाली कोपऱ्यात चिमटीनं 'नाही' लिहिलं. हात तिथं थांबला.

"आन् तुहं नाव?" ग्यानबा म्हणाला.

मी नावही लिहिलं.

तो उठून जवळ आला. एक म्हातारी वाकून बघत होती, तिनं विचारलं, "ह्यातलं न्हाई कंचं?" मी दाखवलं. "आन् तुहं नाव कंचं?" तेही दाखवलं. ती म्हणाली, "दोनी सारकीच की रं."

ग्यानबाच्या हातात हातोडा होता. तो मला मारेल, असं मला वाटलं, आणि मारलं असतं तर मी हललो नसतो. पण त्यानं हातोडा खाली टाकला आणि त्या अक्षरांच्या कडेला उकिडवा बसला. त्या मोठ्या 'प'च्या कडेकडेनं बोट फिरवत राहिला. "मी सुलनला शिव्या दिल्या," तो म्हणाला. कुणाला म्हणाला कळलं नाही. "ती वकत व्हती, पडल्या पडल्या, आन् मी शिव्या दिल्या तिला."

केवळाबाई आपल्या पालापाशी जाऊन बसली होती. तिची चूल थंड होती. थोड्या वेळानं ती म्हातारी आपल्या चुलीतलं जळतं लाकूड घेऊन तिकडे गेली. दुसरी एक बाई पिठाची परात उचलून गेली आणि तिच्याशेजारी बसली. मी तिथून निघालो, तर कोणी मला थांबवलं नाही आणि कोणी जा असंही म्हणालं नाही.

रात्र मी जागून काढली असं म्हणणार नाही. झोपलो. सकाळी उठून बोर्ड उतरवून आणला आणि खरवडून कोरा केला. दोन दिवस त्याच्यासमोर बसून राहिलो. शेवटी पांढऱ्यावर लाल रंगात, सरळ दांडीचं, टोकदार अक्षर घेतलं. वरच्या ओळीत सगळ्यांत मोठं 'पिऊ नका', खाली बारीक 'पाणी खराब आहे'. लावायच्या आधी गावातल्या तीन निरक्षर माणसांना दाखवला. भाजी विकणाऱ्या गौराक्कानं लांबूनच बघितलं आणि म्हणाली, "काय लिवलंय ठावं न्हाई बाबा. पर कायतरी वंगाळ असणार." तेव्हा मी तो खाली नाव न घालता नेला.

लिंबाला खिळे ठोकत होतो तेव्हा केवळाबाई आली. डोक्यावर खडीची रिकामी पाटी होती, कामावरून मधेच आली असावी. तिनं बोर्ड बघितला. यात न्हाई कुठं हाय, असं तिनं विचारलं नाही. मीच बोट दाखवून सांगितलं, "मावशी, हे वरचं सगळं पिऊ नका."

तिनं मान हलवली. मग म्हणाली, "परवा सुलनचा दहावा हाय. वढ्यावर करतोय. समदी येणार हायेत. ग्यानबा म्हनला, तांदूळ मी आनतो."

"बरं झालं," मी म्हणालो. मला खरंच बरं वाटलं. "मी काय आणू? नारळ, फुलं, काय लागेल ते सांगा. मी सकाळीच येतो."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या नजरेत राग नव्हता, म्हणून मला वाटलं ती हो म्हणेल.

"तुमी येऊ नका, दादा," ती म्हणाली.

पाटी सावरून ती रस्त्याकडे गेली. मी हातातला खिळा तसाच धरून उभा राहिलो.

दहाव्याला ओढ्यावर सगळी टोळी होती, असं मला नंतर बाजारात कळलं. पंधरवड्यानं रस्त्याचं काम पुढं सरकलं आणि पालं उठली. केवळाबाई मला पुन्हा दिसली नाही. दहाव्याच्या दिवशी कमळनं सकाळीच विचारलं होतं, जाणार ना? मी नाही म्हणालो. का, म्हणून तिनं विचारलं, आणि मी तिला सांगितलं. तिनं माझ्यासाठी पाट मांडला, मी जेवलो, आणि दुपारभर दुकान बंद ठेवून घरात बसून राहिलो.